मेश्राम बाईंची हिरवी सुई

मेश्राम बाईंनी सुई टोचली तर कळतही नाही, असं बालाघाटात लोक एकमेकांना सांगत. गोंदियाच्या गाडीतून उतरलेले, बैहरहून जीपनं आलेले, कोर्टाच्या तारखेला आलोच आहोत तर रक्तही तपासून घेऊ म्हणणारे, सगळे दवाखान्याच्या खिडकीशी येऊन पहिला प्रश्न तोच विचारत, "मॅडम हैं क्या?" मॅडम रजेवर आहेत म्हटलं की निम्मे लोक परत जात. दोन दिवसांनी पुन्हा येत.

त्यांना स्वतःला मॅडम म्हटलेलं आवडत नसे. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "मॅडम वरच्या मजल्यावर बसते, डॉक्टरीन. मी बाई हाय. मले बाई म्हन."

मी रामपायलीची, बालाघाट जिल्ह्यातलीच. घरी धानाची शेती. आईवडील चौथीपलीकडे शिकलेले नाहीत. मी बालाघाटच्या कॉलेजातून बीएस्सी झाले, पुढे नागपूरला गेले आणि तिथे एका प्रयोगशाळेत संशोधनाला लागले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. पदवीच्या फोटोत माझ्या मागे आईवडील उभे आहेत आणि दोघंही कॅमेऱ्याकडे न बघता माझ्या टोपीकडे बघत आहेत. मी जे थोडंफार शिकले ते पुस्तकांतून आणि चांगल्या शिक्षकांकडून शिकले. पण एखादी गोष्ट खरी आहे की नाही हे कसं तपासायचं, ते मला एका धर्मादाय दवाखान्यातल्या रक्त काढणाऱ्या बाईंनी शिकवलं.

आमचा विषय होता यकृताचा कर्करोग रक्तातून लवकर ओळखण्याचा. आपल्या पेशींमध्ये मायक्रोआरएनए नावाचे अगदी छोटे रेणू असतात. पेशी बिघडली की त्यांचं प्रमाण बदलतं आणि त्यांतले काही रक्तात उतरतात. ते मोजून गाठ लहान असतानाच तिचा सुगावा लागेल का, हे आम्ही शोधत होतो. सध्या यासाठी एएफपी नावाची रक्ताची चाचणी करतात. ती पुष्कळदा आत गाठ वाढत असतानाही गप्प बसते. आम्हाला आजाऱ्यांचं आणि निरोगी माणसांचं रक्त हवं होतं, आणि माझ्या सरांना ते नागपूरच्या मोठ्या इस्पितळांतून नको होतं. जिथून माणसं उशिरा पोचतात, तिथलंच हवं होतं. म्हणून मी बर्फाची पेटी घेऊन बालाघाटला आले.

बाई ठेंगण्या, सावळ्या, अंगानं भरलेल्या. चष्म्याला काळी दोरी. डाव्या मनगटावर आतल्या बाजूला वळवलेलं सेकंदकाट्याचं पुरुषी घड्याळ. शीर शोधताना त्या हाताकडे कधीच बघत नसत. बोटाचं टोक कोपराच्या खोबणीवर ठेवायचं, नजर खिडकीबाहेरच्या सायकलींवर, आणि तोंडानं विचारायचं, "भाजी काय केलती आज?" समोरचा सांगायला लागे, "वांगं... वांग्यात आलू..." तोवर नळी भरलेली असे. आलूच्या पुढे काय टाकलं हे बाईंना कधी कळलं असेल असं मला वाटत नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी मलाच रक्त काढायला लावलं. मी दवाखान्याच्या शिपायाचं, भय्यालालचं, रक्त काढलं आणि कॉलेजात पाहिलं होतं तशी नळी जोरजोरात हलवली. बाईंनी नळी माझ्या हातातून काढून घेतली आणि सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"काहून वं, कढी घुसळून राह्यली का?"

"बाई, मिसळायला हवं ना..."

"लाल पेशी म्हनजे पान्यानं भरलेले फुगे हाय. आदळले का फुटतात. फुटले का आतलं सारं बाहेर. मंग तू नागपूरले जाऊन काय मोजशीन? मानसाचा आजार, का तुह्या हाताचा धिंगाना?"

भय्यालाल दंडावर कापूस धरून उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, मेरा खून तो गया न डब्बे में?"

"दूसरा हाथ है न तेरे पास?" बाई म्हणाल्या.

काढलेलं रक्त अर्धा तास स्थिर ठेवावं लागतं. ते गोठतं, मग यंत्रात फिरवून वरचं पिवळसर पाणी, सीरम, वेगळं काढायचं. तो अर्धा तास बाईंच्या खोलीत कुणी टेबलाला हातही लावत नसे. नळ्यांचं स्टँड भिंतीकडे सरकवलेलं असे आणि त्या दबक्या आवाजात सांगत, "झोपू दे त्याले." एकदा भय्यालालनं विचारलं, "मॅडम, लोरी सुनाऊँ क्या?" बाई घड्याळावरून नजर न काढता म्हणाल्या, "सुना. तेरी आवाज सुनके डर के मारे जल्दी जम जाएगा."

त्यांच्याकडे एक लांब वही होती. प्रत्येक नमुन्याची एक ओळ. नाव, गाव, कोणता हात, कोणती सुई, किती वाजता काढलं, किती वाजता फिरवलं, आणि शेवटी सीरमचा रंग. सुयांना मागे रंगीत टोपी असते आणि रंगावरून जाडी कळते. मोठ्या माणसांना हिरवी, लहान मुलांना नारिंगी, ती फार बारीक. सीरमचा रंग त्या आपल्या शब्दांत लिहीत. 'पेज'. 'लिंबू शरबत'. 'हळद'. नागपूरला माझ्या मैत्रिणी ती पानं बघून हसत. पण सीरम बिघडलेलं आहे की नाही ते बाई नळी खिडकीसमोर धरून सांगत आणि यंत्रावर तपासलं की तेच निघे. काही महिन्यांनी मी यंत्रावर तपासणं सोडूनच दिलं.

अजून एक सवय होती. बाई कुणालाही रिपोर्ट 'नॉर्मल' आहे असं सांगत नसत. म्हणत, "कागद बराबर हाय. डॉक्टरले दाखव." पेशंट विचारत, म्हणजे मी ठीक आहे ना? तर पुन्हा तेच, "कागद ठीक है."

हे का, ते मला दुसऱ्या वर्षी कळलं. आम्ही जेवायला बसलो होतो. त्यांच्या डब्यात लाखोरीच्या डाळीची भाजी आणि भात होता. शेजारच्या टेबलावर नव्या तंत्रज्ञ मुलीनं कुणाला तरी हसत सांगितलं, "सब नॉर्मल है चाचा, घर जाओ." बाईंचा घास हातातच राहिला.

"माह्या भावाले असंच सांगतलं होतं," त्या म्हणाल्या. "सुधाकर. त्याले पोरपनापासून कावीळ, ते हिपॅटायटिस बी वाली. मी त्याले दर सहा महिन्यांनी इथं आनत होती. एएफपी मीच लावली. मीच वाचली. मीच सांगतलं, नॉर्मल हाय, जा घरी, धानाची कापनी कर." त्यांनी घास डब्यात ठेवला. "दिवाळीले त्याचं पोट फुगलं. नागपूरले नेलं तं गाठ एवढी." त्यांनी मूठ दाखवली. "चाचनी खोटी नोती, पोरी. तिले दिसलंच नाई. मले मालूम होतं का तिले समदं दिसत नाई. तरी मी म्हनलं, नॉर्मल."

त्यांनी डबा बंद केला आणि म्हणाल्या, "म्हनून तुही ही चाचनी झाली पाह्यजे. इथं, बालाघाटात, एका सुईवर. बैहरचा मानूस सोनोग्राफीले दर सहा महिन्यांनी येते का? नाई येत. रक्त द्याले येईन."

त्या दिवसानंतर मला त्यांच्या कडकपणाचा राग कधी आला नाही.

तीन वर्षं नमुने गोळा केले. चाळीस आजारी, चाळीस निरोगी. नागपूरला मोजणी झाली, आणि एक मायक्रोआरएनए असा निघाला की आजाऱ्यांच्या रक्तात तो निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जास्त होता. आलेख काढला तर ठिपक्यांचे दोन ढीग वेगवेगळे पडले. सरांनी सगळ्यांना पेढे दिले. मी त्यांतले चार कागदात बांधून दुसऱ्या दिवशी बालाघाटची बस धरली.

बाईंनी पेढा हातात घेतला. खाल्ला नाही.

"हे जे सापडलं, ते लाल पेशीतबी असते का?"

"असतं, बाई. बरंच असतं. पण आपले नमुने स्वच्छ होते ना. तुम्हीच तर प्रत्येक नळी बघितली."

पेढा कागदावर ठेवून बाई उठल्या आणि वही घेऊन आल्या. सुईच्या रकान्यावरून बोट खाली खाली नेत राहिल्या. निरोगी माणसांच्या पानांवर हिरवी, हिरवी, हिरवी. मग आजाऱ्यांची पानं. नारिंगी. नारिंगी. नारिंगी. मध्येच एखादी हिरवी. परत नारिंगी. मला काही समजेना.

"हे काय आहे, बाई?"

"मी केलं हाय हे."

मग त्यांनी सांगितलं. यकृताचा आजारी माणूस कसा असतो, पोट फुगलेलं आणि हातांच्या काड्या, शिरा सुतासारख्या. त्याच्यात जाड सुई खुपसायला त्यांचा हात धजत नसे. "आधीच मरून राह्यला तो, त्याले काहून दुखवू?" म्हणून त्या मुलांची बारीक सुई घेत. पण एवढ्याशा भोकातून रक्त जोरानं ओढलं की लाल पेशी घासून फुटतात. त्यांच्यातले रेणू सीरममध्ये उतरतात.

"पण रंग? फुटल्या तर सीरम लालसर दिसतं ना?"

"त्यायले कावीळ होती, पोरी. सीरम पिवळं. हळदीत चिमूटभर गेरू टाकून पाय. दिसते का तुले?"

त्यांचा आवाज चढला नाही, पडलाही नाही. पण चूक त्यांच्या एकटीची नव्हती. सगळ्यांना एकाच जाडीची सुई वापरायची, असं आमच्या नियमांच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं होतं. तो कागद मीच नागपूरहून आणला होता. त्यांच्या ताटात नारिंगी सुया मी महिनोन्महिने बघत होते आणि एकदाही विचारलं नाही. ज्यांच्या हाताचं गाव नाव घेतं, त्यांना सुईबद्दल मी काय विचारणार, असं मला वाटलं होतं. शाळेपासून मला एवढंच येत होतं, मोठ्यांच्या हाताखाली गप्प बसून शिकायचं.

"आता असं वाटून राह्यलं म्हनून चालत नाई," बाई म्हणाल्या. "पाहा लागते. घे माहा हात."

त्यांनी दोन्ही बाह्या वर केल्या. डाव्या हातातून हिरवीनं काढ, उजव्या हातातून नारिंगीनं. एकच बाई, एकच यकृत, एकच दिवस. मी हिरवी सुई उचलली आणि परत ताटात ठेवली.

"भेऊ नोको. मी काचेची हाय का?"

त्यांच्यानंतर भय्यालाल, चौकीदार, दोन नर्स, ती नवी तंत्रज्ञ मुलगी, अशा आठ निरोगी माणसांच्या दोन्ही हातांतून रक्त काढलं. भय्यालाल म्हणाला, "मॅडम, हम लोग ऐसे ही खाली हो जाएँगे." तरी बाही त्यानं सगळ्यांच्या आधी वर केली होती.

दोन आठवड्यांनी मी नागपूरहून फोन केला.

"बोल."

"बाई, उजवा हात. सगळ्यांचाच. आकडा आजाऱ्यांच्या जवळपास जातोय."

बाई म्हणाल्या, "म्हनजे माह्या उजव्या हाताले लिव्हरचा कॅन्सर हाय, अन् डावा ठनठनीत."

मी हसले, आणि हसता हसता रडायला लागले.

"रडू नोको वं. तुह्या सरले घेऊन ये."

सर आले. माझे सर वाईट माणूस नाहीत. त्यांनी आधी हिशोब मांडला. माझी शिष्यवृत्ती संपत आली होती. नारिंगी सुईचे नमुने काढून टाकले तर हाताशी काहीच उरत नव्हतं. गणितानं थोडी दुरुस्ती करता येईल, म्हणाले, आणि लेखात एक ओळ प्रामाणिकपणे लिहू की सुई सारखी नव्हती.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, ते एक ओळ बैहरच्या मानसाले वाचता येईन का? उद्या ही चाचनी आली. एखाद्या पोरीनं हिरव्या सुईनं नीट रक्त काढलं, तं आकडा खालीच येईन. चिठ्ठी मिळन, बराबर हाय, जा घरी. अन् तो जाईन. मी एक पाठवला हाय तसा. अजून नाई पाठवत."

सरांनी विचारलं, "तुमचं रिटायरमेंट कधी?"

"चौदा महिने हाय."

"चाळीस आजारी जमायला तीन वर्षं लागली होती, मेश्राम मॅडम."

"तवा मी खुर्चीवर बसून वाट पाहात होती. आता उठून जाईन."

आणि त्या खरंच उठून गेल्या. रविवारी सकाळी विहारात वंदना, तिथून थेट बसस्टँड, आणि बैहरची जीप. आरोग्य केंद्रांतल्या नर्सांना फोन, गावोगावच्या आशाताईंना फोन, पूर्वीच्या पेशंटांच्या नातेवाइकांना फोन. उपचार सुरू होण्याआधीचं रक्त हवं असे, म्हणून निदान झाल्याचं कळताच त्याच दिवशी पोचायचं. सर कुठून कुठून विनंत्या करून माझी मुदत वाढवून घेत राहिले, आणि मी बर्फाची पेटी घेऊन बाईंच्या मागे फिरत राहिले.

सुताच्या शिरेत हिरवी सुई घालायची तर ती शीर आधी वर आणायला हवी. बाईंनी त्याचा एक क्रमच बसवला. आधी माणसाला दोन पेले पाणी, मग गरम पाण्यात पिळलेला टॉवेल कोपरावर, हात खाली लोंबता, दहा मिनिटं गप्पा. तरी दुखायचं. पूर्वी ज्यांना कळलंही नव्हतं ते लोक आता दात आवळत. "दीदी, आज आपका हाथ भारी है," एका म्हाताऱ्यानं सांगितलं. "हाँ बाबा, भारी है. माफ करना," बाई म्हणाल्या, आणि सुई स्थिर धरून राहिल्या. भाजी काय केली, हे अभ्यासाच्या पेशंटांना त्या आता विचारत नसत. त्यांना सरळ सांगत, "दुखेगा. अभी."

प्रत्येकाला आणखीही एक गोष्ट सांगत. "इससे तुमको फायदा नहीं होगा. बाद वालों को होगा, शायद." हा शायद त्यांनी एकदाही गाळला नाही. मी म्हटलं, बाई, थोडं आशेनं सांगितलं तर लोक लवकर हो म्हणतील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी परत तो विषय काढला नाही. एका बाईनं ते ऐकून तोंडावर विचारलं, "तो फिर काहे को दूँ?" "मत दो," म्हणून बाई सामान आवरायला लागल्या. तासाभरानं ती आपल्या सुनेच्या आधारानं परत आली. "ले लो. पर चाय पिलाना पड़ेगा." बाईंनी रक्त घेतलं आणि चहा स्वतः उकळला, आलं ठेचून.

दवाखान्याच्या खिडकीशी लोक थोडे कमी झाले. मेश्राम मॅडमचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही, वय झालं, असं बाजारात बोललं जाऊ लागलं. भय्यालाल एक दिवस तावातावानं ते सांगत आला आणि म्हणाला, मी सगळ्यांना खरं कारण सांगतो. "काय सांगशीन?" बाई म्हणाल्या. "खरंच तं हाय. मी दुखवतो आता." नळ्या मोजता मोजता त्यांनी एवढंच म्हटलं आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

पुढे काय निघालं ते इथेच सांगून टाकते. नव्या नमुन्यांत तो पहिला रेणू आजाऱ्यांत आणि निरोगी माणसांत सारखाच आला. आमचे दोन ढीग एकमेकांत मिसळले. मात्र दुसरे दोन रेणू टिकले. त्यांतला फरक डोळे दिपवणारा नाही, पण सुई बदलली तरी तो बदलत नाही. आता दुसऱ्या राज्यांतल्या दवाखान्यांत ते तपासले जात आहेत. पेशंटसाठी वापरायची चाचणी अजून झालेली नाही, होईलच असंही मी सांगू शकत नाही. शायद. लेखात बाईंचं नाव आहे. लेख आला तेव्हा त्यांनी मला फोनवर फक्त पद्धतीचा भाग मराठीत वाचून दाखवायला सांगितलं.

"हिरवी लिवलं का?"

"सुईची जाडी लिहिली आहे बाई, आकड्यात. एकवीस."

"हिरवी लिवाले पाह्यजे होतं. आकडा कोनाच्या ध्यानात राह्यते?"

निवृत्तीनंतर त्या मुलीकडे भिलाईला गेल्या. आम्ही फोनवर बोलतो, पण त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवसानंतर आमची भेट झालेली नाही.

त्या दिवशी आमचे एकोणचाळीस झाले होते. एक हवा होता. आणि सकाळीच बैहरकडच्या एका गावातून धुर्वे नावाचे गृहस्थ आले, मुलगा बरोबर. दोनच दिवसांपूर्वी तिथल्या डॉक्टरांनी गाठीची शंका काढली होती आणि सोनोग्राफीसाठी आमच्या दवाखान्यात पाठवलं होतं. मला वाटलं, देवानंच पाठवला. माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असणार, कारण बाईंनी मला डोळ्यांनीच गप्प केलं. त्यांनी धुर्व्यांना सगळं नीट सांगितलं, शायदसकट. ते हो म्हणाले.

पाणी दिलं. टॉवेल ठेवला. दहा मिनिटं झाली. बाईंनी धुर्व्यांच्या डाव्या हातात हिरवी सुई घातली, रक्त आलं नाही. उजवा हात. पुन्हा टॉवेल. पुन्हा नाही. धुर्वे घामानं भिजले होते. वर सभागृहात सत्काराची तयारी चालली होती, खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. माझी बस दीड वाजता होती आणि पेटीतला कोरडा बर्फ थांबणारा नव्हता.

धुर्व्यांनी ताटाकडे बघितलं. लहान मुलांसाठीच्या सुया तिथे होत्याच. "दीदी, वो पतली वाली से ले लो न. मेरे गाँव के आदमी का उसी से लिया था आपने. मेरे को चलेगा."

खरं सांगायचं तर मला त्या क्षणी वाटलं, घ्यावी. चाळिसात एक. कुणाला कळणार होतं?

बाईंनी पट्टा सोडला. "नहीं भैया. अब नहीं लेंगे. बहुत दुखाया आपको." कापूस दाबून धरला. मग दुसऱ्या हातानं वही ओढली, धुर्व्यांचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि पुढच्या सगळ्या रकान्यांवरून एक आडवी रेघ मारली. शेवटी लिहिलं, 'रक्त मिळाले नाही.'

"जा वं," मला म्हणाल्या. "तुही बस सुटन. एकोनचाळीस हाय पेटीत, सांभाळून ने."

मी पेटी उचलली. पाया पडायला वाकले तर त्यांचा एक हात धुर्व्यांच्या कापसावर होता, दुसऱ्यानं त्यांनी माझ्या डोक्याला स्पर्श केला. वरून भय्यालाल हाका मारत होता, "मॅडम, सब बैठ गए! डॉक्टर साहब माइक पर आ गए!"

बाहेर पडताना मी वळून पाहिलं. बाई आणि धुर्वे सोनोग्राफीच्या खोलीसमोरच्या बाकावर शेजारी शेजारी बसले होते. मुलगा कागद करायला गेला होता. सत्कारासाठी नेसलेली बाईंची नवी साडी टॉवेलच्या पाण्यानं गुडघ्याशी भिजली होती. धुर्वे काहीतरी विचारत होते आणि बाई मान हलवून समजावत होत्या. भय्यालाल जिन्यावर अर्ध्यात येऊन उभा राहिला. बाईंनी त्याला हाताच्या पंजानं दाखवलं, पाच मिनिटं. आतून नंबर पुकारला गेला. बाई उठल्या, धुर्व्यांच्या कोपराखाली हात घालून त्यांना उभं केलं, आणि दोघं मिळून आत गेले.